भेटीचा वार गुरुवार

तिसगाव,
ता. ६ ऑक्टोबर १९४६

प्रिय आत्या यांस,
प्रभूच्या नावात सलाम.

तुमचं पत्र येऊन फार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून आळशी म्हणू नका. इथल्या मुलींच्या शाळेत मी एकटीच शिक्षिका. सकाळी शाळा, दुपारी घरोघर भेटी, मग बायकांचा शिवणवर्ग, संध्याकाळी प्रार्थना. इथल्या ख्रिस्ती मंडळीत कुणी आजारी असलं तर औषधाची पेटी घेऊन मीच जाते. आई-बाबांच्या मागे तुम्ही मला वाढवलंत, नगरच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून उभं राहून शिकवलंत. त्या वेळी घरात जी शिस्त पाहिली, तीच इथे उपयोगी पडते आहे.

भिंतीवर वेळापत्रक लावलं आहे. पहाटे शास्त्रवाचन आणि प्रार्थना, शेवटी वह्या तपासणं, मध्ये रिकामी जागा नाही. सुरुवातीला बायका वाटेल तेव्हा यायच्या. कुणी शेंगा सोलत बसायची, कुणी सुनेचं गाऱ्हाणं सांगायची, आणि शिवण तसंच राहायचं. म्हणून मी गुरुवार हा भेटीचा वार ठरवला. ज्यांना काही बोलायचं असेल त्यांनी गुरुवारी दुपारी यावं. आता घर शांत असतं.

शाळेत पुष्पावती नावाची मुलगी आहे. आसाराम आणि राहीबाई या आपल्याच मंडळीतल्या जोडप्याची थोरली. येत्या उन्हाळ्यात ती चौथीच्या परीक्षेला बसेल. इथल्या आपल्या लोकांत आजवर एकही मुलगी चौथी झालेली नाही. तिच्याकडे पाहिलं की थकवा जातो.

एक विचारू का? दीनाने नगरहून लिहिलं आहे की तुम्ही राहुरीला मुळा नदीच्या डोहात पोहायला शिकता आहात. माझी मावसबहीण थट्टेखोर आहे हे ठाऊक आहे, तरी विचारते. तुमच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातल्या नर्सा उठून उभ्या राहायच्या, त्या तुम्ही आणि हे?

आपली,
लिडिया


राहुरी,
ता. १४ ऑक्टोबर १९४६

प्रिय लिडिया,
आत्याचा सलाम.

दीनाने लिहिलं ते खरं आहे. मी पोहायला शिकते आहे म्हणाली, तो तिचा चांगुलपणा. अजून मी बुडायलाच शिकते आहे.

माझी शेजारीण झुंबरबाई नदीकाठी भाजीपाला करते. लहानपणापासून पाण्यातली आहे. सकाळी पुरुषमाणसं काठावर यायच्या आत आम्ही दोघी जातो. लुगड्याचा काचा घट्ट मारायचा, आणि ती माझ्या पाठीला सुकलेला भोपळा बांधते. पहिल्या दिवशी मी काठच सोडेना. ती म्हणाली, "भोपळ्यावर भरवसा ठिवा नर्सबाई, आंग ढिलं सोडा." अगं, तीस वर्षं मी बाळंत होणाऱ्या बायकांना हेच सांगत आले, आणि स्वतःला काही जमेना. मग एके दिवशी सोडलं. पाठीवर पडले आणि आभाळाकडे पाहिलं. मला हसू आलं, नाकात पाणी गेलं, आणि झुंबरबाईने लुगड्याला धरून वर ओढलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तू शिस्त माझ्याकडून शिकलीस म्हणतेस. शिकली असशील. पण मला रात्रपाळीहून आल्यावर कुणाशी बोलवत नसे, तेही तू पाहिलं आहेस. वेळापत्रकात एखादी जागा मोकळी सोड. तिथे काय करायचं ते ठरवू नकोस.

इकडे चर्चचे पाळकसाहेब परवा आले होते. दिवाळीनंतर ऊसतोडीची माणसं येतात, त्यांच्या बायकापोरांसाठी आठवड्यातून एक दिवस तरी औषधपाण्याला बसा म्हणाले. मी सरळ नाही म्हटलं. माझी पाळी संपली, आता दुसऱ्या कुणाची. त्यांना वाईट वाटलं, पण पेरू खाऊन गेले.

तुझी आत्या,
एलिझाबेथ


तिसगाव,
ता. ५ नोव्हेंबर १९४६

प्रिय आत्या यांस,
सलाम.

तुमचं पत्र वाचून मी हसले, हे कबूल करते. पण मोकळ्या जागेबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटलं नाही. तुमची सेवा पुरी झाली आहे, माझी आता कुठे सुरू होते आहे. दिवसाची एक घटका जरी वाया गेली तरी रात्री प्रार्थनेत मला तिचा हिशेब द्यावा लागतो असं वाटतं.

शिवाय लोकांना हळूहळू वळण लागतं आहे. कालचीच गोष्ट. पुष्पावतीची आई राहीबाई दिवेलागणीला दाराशी आली. मी नाताळच्या नाटकाचे कपडे बेतत होते, सगळी जमीन कापडाने भरलेली. "काही निकडीचं आहे का?" असं मी विचारलं. ती "तसं न्हाई" म्हणाली. मग मी तिला गुरुवारी यायला सांगितलं. ती थोडा वेळ उंबऱ्याशी उभी राहिली, माझ्या हातातल्या कात्रीकडे पाहत. मग "बरं बाई" म्हणून गेली. पूर्वी हीच राहीबाई आली की तासभर हलत नसे. पाहिलंत ना, सांगितलं की समजतं.

मंडळीतले वडीलधारे पुंजारामबाबा मात्र माझ्यावर थोडे नाराज दिसतात. त्यांची बायको भीमाबाई शिवणवर्गाला येईनाशी झाली आहे. तिला गप्पांशिवाय सुई चालवता येत नाही, त्याला मी काय करू?

नाताळला तुम्ही इकडे याल का?

आपली,
लिडिया


तिसगाव,
ता. ८ नोव्हेंबर १९४६

प्रिय आत्या यांस,

मागच्या पत्राच्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. पुष्पावती दोन दिवस शाळेत आली नाही म्हणून आज तिच्या घरी गेले. दाराला काटेरी फांदी लावलेली. शेजारच्या लंकाबाईने सांगितलं, सगळी ऊसतोडीला गेली. पुष्पावतीलाही नेलं, वर्षाच्या भावाला, सत्यवानाला, सांभाळायला. उन्हाळा सरता सरता परततील. तोवर परीक्षा होऊन गेलेली असेल.

गुरुवारी दुपारभर मी राहीबाईची वाट पाहिली होती. ती आली नाही म्हणून मनात रागही धरला. ती काय सांगायला आली होती, ते लंकाबाईलाही ठाऊक नाही.

गाड्या राहुरीकडच्या मळ्यांत गेल्या असं लोक म्हणतात. तुम्हाला तसदी आहे, पण कुठे चौकशी करता येईल का? आसारामचं नाव सांगितलं तर तिसगावकडची टोळी कुणीही दाखवेल. दुसरं कुणी तिथे माझ्या ओळखीचं नाही.

लिडिया


राहुरी,
ता. २४ नोव्हेंबर १९४६

प्रिय लिडिया,
सलाम.

तुझी माणसं सापडली. मी एकटी गेले नाही, झुंबरबाईला बरोबर घेतलं. दोन ठिकाणी फिरून शेवटी कालव्याच्या कडेला तिसगावकडच्या लोकांचा तळ लागला. उसाच्या पाचटाच्या कोप्या, आत वाकूनच जावं लागतं. मोठी माणसं उसाच्या फडात तोडणीला होती. एका उभ्या गाडीखाली सावलीला पाच-सहा लेकरं आणि मधे तुझी पुष्पावती. एक लेकरू काखेत, एक पायावर, बाकीच्यांना ती टाळ्या वाजवून गाणं म्हणायला लावत होती. मी तुझी आत्या आहे म्हटल्यावर तिने आधी पदर सावरला आणि मग विचारलं, "बाईंनी माझं नाव पटावरून काढलं का?"

राहीबाई दिवस मावळताना आली. डोक्यावर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा होता. मी सगळं विचारलं. तिने जे सांगितलं ते मी तुझ्यापासून लपवणार नाही, कारण तू लहान नाहीस.

ती त्या दिवशी तुला विचारायला आली होती की पुष्पावतीला हंगामभर तुझ्याजवळ ठेवशील का. लेकराला ती फडाच्या बांधावर झोळीत टाकणार होती. आसारामला हे पसंत नव्हतं, पण बाई हो म्हणाल्या तर पोरीला ठेवू, इथवर तिने त्याला आणलं होतं. मी म्हटलं, मग तसं सांगायचं नाहीस का? ती म्हणाली, "हातात कात्री हुती त्येंच्या. बेस्तरवारी या म्हनल्या. आन् गाड्या बुधवारीच निघायच्या हुत्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तुझा वेळ बांधलेला असतो, त्याला कुणाचा इलाज नाही, असंच ती म्हणाली. तुझ्या शाळेचं कौतुकही तिने झुंबरबाईला सांगितलं.

आता पोरीला परत पाठवतेस का, असं मी विचारलं. तर नाही म्हणाली. मधे सत्यवानाला हिवताप येऊन गेला, त्यामुळे झोळीचा धीर तिला राहिलेला नाही. दुपारी ती पाजायला येते, बाकी वेळ त्याला पेज भरवायला पुष्पावतीच हवी.

तळावर आणखीही बरंच दिसलं. एक गरोदर बाई होती, पायांवर सूज. एका पोराचे डोळे आलेले. निघताना राहीबाईने विचारलं की नर्सबाई पुन्हा याल का. मी "बघू" म्हणाले.

लिडिया, घरी येईपर्यंत मला कळलं की माझं ते "बघू" आणि तुझा गुरुवार यांत काही फरक नाही. मला वेळ भरपूर आहे असं मी सगळ्यांना सांगत असते. द्यायची वेळ आली तेव्हा मात्र हात आखडला. मी अजून काही ठरवलेलं नाही. खोटं कशाला लिहू?

तुझी आत्या


तिसगाव,
ता. ३० नोव्हेंबर १९४६

प्रिय आत्या यांस,
सलाम.

"बुधवार" हा शब्द मी किती वेळा वाचला ते सांगत नाही.

पत्र आलं त्याच दिवशी निघायचं म्हणून मी सर्व्हिस मोटारीची चौकशी करायला बाहेर पडले. वाटेत पुंजारामबाबा भेटले. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं आणि मी तिथेच रस्त्यात सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तितं जाऊन काय करनार बाई? रडनार. फडातनं दमून आलेल्या बाईला तुमचं डोळं पुसत बसावं लागंल. हितं मंडळीचा नाताळ हाय. तो होऊ द्या, मंग रिकाम्या हातानं अन् रिकाम्या मनानं जा." मला ते लागलं, पण खरं होतं. मी परत फिरले.

पुष्पावतीला सांगा, तिचं नाव पटावर आहे.

एक बदल केला आहे. संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी मी ओट्यावर नुसती बसते. हातात सुई नाही, पुस्तक नाही. पहिले काही दिवस कुणीच आलं नाही. बायका समोरून जायच्या आणि "बाई, बरं न्हाई का?" म्हणून विचारायच्या. नुसतं बसणं मला फार जड जातं, आत्या. पाय आपोआप उठायला पाहतात. शास्त्र वाचायला मी पहाटे उठते तेही इतकं जड वाटत नाही. काल लंकाबाई येऊन टेकली. तिची शेळी हरवली आणि सापडली, एवढीच हकीकत होती. तिने ती दिवा लागेपर्यंत सांगितली. मी मधे एकदाही आत गेले नाही.

तुम्ही काय करावं हे मी लिहिणार नाही. मला तो अधिकार राहिलेला नाही.

आपली,
लिडिया


राहुरी,
ता. १२ डिसेंबर १९४६

प्रिय लिडिया,
सलाम.

माझ्या पडवीत आता तीन झोळ्या टांगलेल्या आहेत. सत्यवान एकीत, बाकीच्या दोन त्याच तळावरच्या बायांच्या लेकरांच्या. चालती पोरं दोन, ती माझ्या पेरूच्या बुंध्याला धरून दिवस काढतात. बाया पहाटे फडाकडे जाताना लेकरं सोडतात. फड सध्या गावाच्या मागेच आहे, म्हणून दुपारी पाजून जाता येतं. पुढे तो लांब गेला तर तेव्हा पाहू.

मी हे आनंदाने केलं असं समजू नकोस. चार दिवस मी स्वतःशी भांडले. म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं उचलली, आता मला माझी सकाळ हवी. मग एके सकाळी डोहात पाठीवर पडले होते, आणि आभाळ पाहण्याऐवजी त्या गरोदर बाईचे पाय डोळ्यांपुढे येत होते. विश्रांतीचंही असंच असतं बघ. कुणाचं तरी देणं टाळून घेतली की ती अंगी लागत नाही. उठले आणि ओल्या लुगड्याने थेट पाळकसाहेबांकडे होकार द्यायला गेले. ते बिचारे दचकले.

पुष्पावती सकाळी आमच्या आळीतल्या शाळेत जाते. तेवढा वेळ झुंबरबाई आणि मी लेकरं पाहतो. दुपारी ती माझ्या हाताखाली असते. शहाणी आहे, पण हट्टीही आहे. सत्यवानाला पेज कशी भरवायची यावरून आमचं रोज वाजतं. पायांवर सूज आलेल्या त्या बाईला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. नाव काय ठेवायचं ते मला विचारलं, मी बनुबाई सुचवलं, माझ्या आईचं.

आणि शनिवारची दुपार मात्र माझी. शनिवारी फड बंद असतो, बाया तळावर असतात. मी भोपळा घेते आणि नदीवर जाते. हे मी पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवलं आहे. त्यांनी नको म्हटलं असतं तरी गेले असते.

नाताळनंतर ये. मंडळीचं काम मागे ठेवून ये, आणि एक जुनं लुगडं घेऊन ये.

तुझी आत्या


राहुरी,
ता. १० जानेवारी १९४७

तिसगावच्या बाईंना राहीबाईचा सलाम. आई सांगते तसं मी पुष्पावती लिहिते. आईचं बोलणं सुधारू नको, असं तीच म्हणाली.

बाई, तुमी हितं आल्ता तवा कोपीत बसून माजी माफी मागितली. मी काय बोलले न्हाई. तुमास्नी वाटलं आसंल, राग धरून बसली. तसं न्हाई. मला तवा बोलाय आलं न्हाई. शिकलेली बाई माज्या पाचटावर बसून रडती, हे बगून माजं मन कावरंबावरं झालं. म्हनून आता लिवून घेती.

चूक तुमची येकटीची न्हाई. मी बी "निकडीचं न्हाई" म्हनले. निकड हुती. पन मोठ्या मानसाफुडं आमची जीभ आशीच उलटी फिरती. फुडच्या टायमाला मी उंबऱ्यात उबी ऱ्हानार न्हाई, कापडावर पाय दिऊन आत यीन. तुमी रागवा मंग.

तुमी नदीत उतरला ते मी बगितलं. नर्सबाई ढिलं सोड म्हनत हुत्या आन् तुमी भोपळ्याला मिठी मारून बसला. (आई फार हसते आहे म्हणून थोडी थांबले.) पुष्पीच्या बापाला बी सांगितलं, त्यो बी हासला. तुमास्नी हासताना म्या पयल्यांदा बगितलं.

आता खरी गोस्ट. पुष्पीच्या बापानं कबूल केलंय. परीक्षा ती हितनंच दील. फुडं पाचवीची बी साळा हितं हाय, तिसगावाला न्हाई. नर्सबाई म्हनत्यात ठिवते. मंग ती परत तुमच्या साळंत यायची न्हाई. ती तुमची पोर हाय, तुमीच तिला अक्षर दिलं. तुमास्नी वाईट वाटंल म्हनून आदी तुमास्नी इचारती. तुमी न्हाई म्हनला तर बापाला तसं सांगीन.

सांगणारी राहीबाई, लिहिणारी पुष्पावती.

बाई, मी स्वतःच्या मनाने दोन ओळी लिहिते. इथल्या शाळेत गणित तुम्ही शिकवलं त्याच्या पुढे अजून गेलेलं नाही. आणि नर्सआत्या म्हणतात की पेज गार करूनच द्यायची, पण सत्यवानाला कोमटच आवडते.


तिसगाव,
ता. २७ जानेवारी १९४७

प्रिय आत्या यांस,
सलाम.

राहीबाईला मी हो कळवलं आहे. तिचं पत्र आलं त्या दिवशी शाळेत पुष्पावतीच्या जागेकडे पाहवत नव्हतं, हे तुम्हाला सांगते, तिला सांगू नका. या शाळेतून पहिली चौथी झालेली मुलगी म्हणून मी तिच्याकडे पाहत होते. ती चौथी होणार, आणि पाचवीही. शाळेचं नाव त्यात कुठे येणार नाही. दोन दिवस जड गेले, मग आपोआप हलकं वाटलं. तिच्या जागेवर आता लंकाबाईची धाकटी बसते. अजून "क" उलटा काढते.

पहाटेची प्रार्थना आणि वाचन चालू आहे. ते सोडलं असतं तर बाकीचं काही निभावलं नसतं. शिवणवर्ग आठवड्यातून दोनच दिवस ठेवला आहे आणि बोलायला मुभा दिली आहे. गुरुवार काढून टाकला. भीमाबाई पुन्हा येते, तिचे टाके पहिल्यासारखेच वाकडे पडतात.

परवा शनिवारी पुंजारामबाबांच्या रानात हुरडा होता. भीमाबाई बोलवायला आली तेव्हा माझ्यापुढे वह्यांचा ढीग होता. एकदा ढिगाकडे पाहिलं आणि चप्पल घातली. रानात आपल्या मंडळीतल्या बाया होत्या, शेजारच्या वस्तीवरच्याही होत्या. बाबा शेणीच्या आरात कणसं भाजत होते आणि बाया हातावर चोळून गरम दाणे पुढ्यात टाकत होत्या. मी इतका हुरडा खाल्ला की भीमाबाईने ताकाचा तांब्याच माझ्यापुढे ठेवला. मग बायांनी फुगड्या धरल्या. मी बाजूला उभी होते, तर लंकाबाईने न विचारता हात धरले. कॉलेजात असताना खेळले होते, त्यानंतर कधी नाही. दोन फेऱ्यांत रान, आभाळ, बैल सगळं फिरायला लागलं, आणि आम्ही दोघी ढेकळात बसलो. हसू थांबेना.

परत यायला दिवेलागण झाली. संध्याकाळची प्रार्थना होती. रोज पाच-सहा बाया असतात, त्या दिवशी रानातून थेट सगळ्याच आल्या, वस्तीवरच्याही दोघी मागे येऊन बसल्या. पुंजारामबाबांनी प्रार्थना सुरू केली. त्यांची प्रार्थना लांबते, गावातल्या प्रत्येक घराचं नाव घेतात. मी डोळे मिटले, आणि मिटले ते मिटलेच. आमेन झालं ते मला कळलंच नाही. जागी झाले तेव्हा समोर सगळ्या बाया गप्प बसलेल्या, आणि लंकाबाई मला हलवायला वाकलेली. तिला हाताने मागे सारत बाबा हळू आवाजात म्हणत होते, "ऱ्हाऊ दे. बाई आज दमून न्हाई, खेळून झोपल्यात."

आपली,
लिडिया